सुरळ्यांचा डबा

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. अब्बा दहावीला थांबले, अम्मी सातवीला. कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि मराठी शाळेत मीसुद्धा सातवीपर्यंतच बसलो. रत्नागिरीच्या बाजूचं आमचं गाव सोडून अम्मी आणि मी अब्बांकडे दोह्याला आलो, तेव्हापासून शाळा इंग्रजी, बाहेर हिंदी, आणि घरात आमची कोकणी. ही पुस्तकातली मराठी लिहिताना मला दुसऱ्याचा शर्ट घालून लग्नाला आल्यासारखं वाटतं. घरातली बोलणी मी याच मराठीत लिहिली आहेत. ती तशी बोलली गेली नव्हती, हे समजून घ्यावं.

विषयही मोठा नाही. नारळाच्या सुरळ्यांचा एक पत्र्याचा डबा. पण त्यात मी एक गोष्ट केली आहे आणि ती घरात कुणाला सांगितलेली नाही. म्हणून लिहितो.

आम्ही अल मुंतझात राहतो. जुनी इमारत, तिसरा मजला, दोन खोल्या. समोरच्या फ्लॅटचे पार्टिशन घालून चार भाग केले आहेत आणि त्यातल्या एका भागात एक थाई बाई राहतात. वय पन्नाशीचं. अल हिलालमधल्या एका लेडीज सलूनमध्ये त्या केस कापतात. मी त्यांना आँटी म्हणतो. त्या अम्मीला सिस्टर म्हणतात आणि मला ‘कॉलेज’. माझं नाव त्यांना माहीत आहे, पण जिन्यात दिसलो की हाक अशीच: “कॉलेज! आज शिकलास काही?” आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, मध्येमध्ये अरबी यल्ला, म्हणजे चला, आणि खलास, म्हणजे संपलं. त्या दोन शब्दांवर निम्मं काम होतं.

शुक्रवारी त्यांना सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी पॅसेजमध्ये नारळ आणि गूळ करपायच्या जरा आधीचा वास सुटतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा अम्मी दार उघडून उभी राहिली होती. “हिच्याकडे खापरोळ्या चालल्यात की काय?” म्हणाली. नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या आमच्या खापरोळ्या नव्हत्या त्या. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, ताडाचा गूळ, अंडं आणि काळे तीळ यांचं पातळ पीठ कालवून लांब दांड्याच्या दोन लोखंडी तव्यांमध्ये दाबायचं, आणि कागदासारखी चकती निघाली की काडीवर गुंडाळायची. त्याला त्या थोंग मुअन म्हणतात. थोंग म्हणजे सोनं, मुअन म्हणजे गुंडाळलेलं. अम्मीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘सुरळ्या’ ठेवलं आणि आमच्याकडे तेच चाललं.

त्या दिवशी आँटींनी अम्मीला एक डबा भरून सुरळ्या दिल्या. निळा, गोल, बिस्किटांचा जुना डबा. आम्ही दोन दिवसांत संपवल्या. आता आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. अम्मीने त्यात नारळाच्या वड्या भरल्या आणि डबा परत दिला. आँटींना हा रिवाज माहीत नव्हता. डबा भरून आला, म्हणजे सिस्टरला आणखी सुरळ्या हव्यात, असं त्यांना वाटलं. पुढच्या शुक्रवारी डबा परत आमच्याकडे. अम्मीने पाकातल्या पुऱ्या केल्या. परत सुरळ्या. असं दोन वर्षं चाललं. कुणाला थांबता येईना.

अब्बा म्हणायचे, “एवढ्या फेऱ्या मुंबईच्या विमानाच्यासुद्धा होत नाहीत.”

“मग काय रिकामा देऊ?” अम्मी म्हणायची.

“नको. पण एखाद्या दिवशी विसर तरी.”

“तुम्ही विसरा. खाताना विसरत नाही ते.”

अब्बा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर आहेत. इंडस्ट्रियल एरियात त्यांचं गोदाम. अठरा वर्षं एकाच कंपनीत. माझा आणि अम्मीचा राहण्याचा परवाना त्यांच्या नोकरीवर आहे आणि फ्लॅटचं भाडं कंपनीच्या घरभत्त्यावर. माझ्या चार वर्षांच्या कोर्सचं तिसरं वर्ष चालू होतं. मागच्या थंडीत कंपनीत सांगण्यात आलं की कामं कमी झालीत, माणसं कमी करणार, आणि कोण राहणार याची यादी लागेल. अब्बांचं नाव यादीत आलं तर आम्ही इथे. नाही आलं तर सगळे गावी, आणि माझं कॉलेज एक वर्ष शिल्लक असताना बंद. गावी जाऊन ते पुढे कुठे जोडता येईल का, हे मी ऑफिसात विचारून आलो होतो. तिथल्या बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि नवीन प्रवेश घ्यावा लागेल, असं सांगितलं. पहिल्या वर्षापासून.

यादी महिन्याभरात लागणार होती.

हे अम्मीने आँटींना सांगितलं. म्हणजे हातवारे करून, माझ्याकडे बोट दाखवून, कॉलेज खलास असं म्हणून सांगितलं. त्या शुक्रवारी आँटींनी डबा दिला तो नेहमीपेक्षा जड होता. झाकणाभोवती सोनेरी चिकटपट्टी गुंडाळली होती. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून अम्मीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “सिस्टर, हा वेगळा. हा नोकरीसाठी. घरात सगळ्यांनी खायचा. आज.”

दार बंद झाल्यावर अम्मीने डबा फ्रिजवर ठेवला.

“उघडत नाहीस?” मी विचारलं.

“बातमी आल्यावर.”

ह्यामागचा किस्सा घरात सगळ्यांना पाठ आहे. अब्बांचा गल्फचा पहिला व्हिसा आला होता, तेव्हा मामाने मेडिकल व्हायच्या आधीच गावभर पेढे वाटले. मेडिकलमध्ये छातीच्या फोटोत एक डाग निघाला. डाग जुनाच होता, पण दोन वर्षं गेली. तेव्हापासून अम्मीचा नियम आहे. आधी बातमी, मग तोंड गोड. माझ्या बारावीच्या निकालादिवशी तिने साखरसुद्धा डब्यातून बाहेर काढली नव्हती. अब्बांनी चहा बिनसाखरेचा प्यायला.

महिना झाला. यादी लागली नाही. एचआरवाले म्हणाले, पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाले.

आँटी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, “सिस्टर, गोड होतं?”

“खूप गोड,” अम्मी म्हणायची.

“कडक?”

“एकदम कडक.”

“डबा दे. भरून देते.”

“अजून आहेत. आम्ही रोज एकेकच खातो.”

आँटींना नवल वाटलं असणार. आमच्याकडे त्या दोन दिवसांत संपत, हे त्यांना माहीत होतं. पण त्या हसल्या आणि म्हणाल्या, “गुड. सोनं हळू खायचं.” घरात आल्यावर अम्मी मला म्हणाली, “असा बघू नकोस. खोटं मी बोलले, पाप मला.” डबा उघडता येत नव्हता, म्हणून संपवता येत नव्हता. संपवता येत नव्हता, म्हणून परत करता येत नव्हता. दोन वर्षं फिरणारा डबा आमच्या फ्रिजवर अडकला. अम्मी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची.

त्या महिन्यांबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. खूप काही वाटलं असतं तर लिहिणं सोपं गेलं असतं. मला काही वाटत नव्हतं. मी बसने कॉलेजात जायचो, मागच्या बाकावर बसायचो, वहीत लिहायचो, परत यायचो. असाइनमेंट वेळेवर द्यायचो. मार्कही पडायचे. एकदा प्राध्यापकांनी माझा पेपर वर्गात दाखवला, नीट काम कसं करावं म्हणून. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी खिडकीबाहेर एक माणूस झाडाला पाणी घालत होता तो बघत होतो. जेवताना अम्मी विचारायची, मीठ बरोबर आहे का. मी हो म्हणायचो. एकदा ती म्हणाली, “आज मी मीठ घातलंच नाही. मुद्दाम.” मी वर पाहिलं. ती रागावली नव्हती.

अब्बा संध्याकाळी यायचे, हात धुवायचे, चहा प्यायचे. चहा संपेपर्यंत कुणी काही विचारायचं नाही. मग ते मान हलवायचे आणि अम्मी फ्रिजवरच्या डब्याकडे बघायची.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी घरी एकटाच होतो. अब्बा जुम्म्याच्या नमाजानंतर मित्राकडे गेले होते आणि अम्मी शेजारच्या इमारतीत, आमच्या तालुक्यातल्या एका बाईकडे. मी पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि बंद केला. मग हात वर नेला, डबा खाली घेतला आणि चिकटपट्टी सोडवली. भूक नव्हती. कशासाठी केलं हे आजही सांगता येत नाही. कदाचित एवढंच, की त्या घरात बंद असलेली एक तरी गोष्ट मला उघडता येणार होती.

सुरळ्या दोन थरांत रचलेल्या होत्या. मी एक खाल्ली. ती मोडली नाही, वाकली. दाताखाली ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली आणि मागून खवट चव आली, जुन्या खोबरेल तेलाची. मी दुसरी खाल्ली, ती तरी बरी असेल म्हणून. तशीच होती. पाच खाल्ल्या. मग पट्टी परत लावायला गेलो तर ती चिकटेना. वरच्या थरात पाच बोटांएवढी जागा रिकामी दिसत होती.

मी डबा पिशवीत घालून समोरचं दार वाजवलं. शुक्रवार होता, आँटी घरी होत्या.

त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं.

“हा नोकरीचा डबा?”

मी हो म्हणालो.

“तीन महिने?”

मी त्यांना सगळं सांगितलं. बातमीनंतर गोड, मामाचे पेढे, छातीचा डाग. डागाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून शर्टवर बोट ठेवून दाखवलं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी एक सुरळी उचलली, दोन बोटांत वाकवली आणि परत ठेवली.

“कॉलेज,” त्या म्हणाल्या, “आमच्याकडे उलटं आहे.”

त्यांच्या गावात मुलगा काही दिवसांसाठी भिक्खू व्हायला निघाला, कुणाचं लग्न ठरलं, कुणी नवीन घर बांधलं किंवा कामाला परगावी चाललं, की गल्लीतल्या बायका खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत लोखंडी साचे घेऊन बसतात. एक पीठ ओतते, एक दाबते, एक गुंडाळते. दिवसभर. आणि ते सोनं आधी घरोघर जातं. काम व्हायच्या आधी. घरात सोनं आधी पोहोचलं की मागून बाकीचं येतं, असं मानतात.

“काम झाल्यावर काय खाता?” मी विचारलं.

“भात,” त्या म्हणाल्या. मग झाकण हातात घेऊन, “तुम्ही सोनं घरात नाही घेतलं. फ्रिजवर ठेवलं.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं झाकण लावलं. आपल्यामुळे काही बिघडलं असेल, असं माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाटलं असावं, कारण त्या दोनदा म्हणाल्या, “मी नीट सांगायला पाहिजे होतं.”

मी म्हणालो, पाच सुरळ्या हव्यात. अम्मीला कळायला नको.

“सगळा डबा नवा करते.”

“नको. अम्मी येईल, तेवढा वेळ नाही. आणि डब्याचं वजन तिला पाठ आहे. पाचच.”

“मग तू गुंडाळ,” त्या म्हणाल्या. “मी नाही. तुझं घर आहे.”

नारळाच्या रसाचा टिन त्यांनी कपाटातून काढला. अम्मी माशाच्या कालवणाला नाइलाजाने आणते तोच टिन होता, थायलंडचा. साचा गॅसवर तापला. त्यांनी पळीभर पीठ ओतलं, दाबलं, कडेने आलेला फेस सुरीने काढला, उघडलं. चकती पिवळसर, काळ्या तिळांची.

“आता. आता!”

मी काडी शोधत होतो. तेवढ्यात चकती ताठ झाली. गुंडाळायला गेलो तर तिचे तुकडे झाले.

“तू विचार करतोस,” त्या म्हणाल्या. “इथे वेळ नाही. साचा उघडला की मोज: एक, दोन, तीन. चारला खलास.”

दुसरीचे तुकडे झाले. तिसरीही अर्धी मोडली. आँटी तुकडे तोंडात टाकत होत्या. “छान! रोज नापास हो, मी जेवण करणार नाही.” चौथी गुंडाळली गेली, एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. त्यांनी ती बाजूला ठेवली. एकूण अकरा चकत्यांत पाच सुरळ्या झाल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले आहेत. कधी भाजलं ते कळलंच नव्हतं.

आँटींनी पाच सुरळ्या वरच्या थरात, आधी हाताला लागतील अशा, नीट बसवल्या. जाड टोक डब्याच्या कडेला केलं. त्यांच्याकडचीच सोनेरी पट्टी त्याच जागी गुंडाळली. मी डबा फ्रिजवर ठेवला, अम्मी ठेवते तसा, झाकणावरचं चित्र पुढे करून. दहा मिनिटांनी अम्मी आली. तिने हवा हुंगली आणि म्हणाली, “आज शेजारीण कामाला लागलेली दिसते.” मी हो म्हणालो.

त्यानंतर चौथ्या दिवशी अब्बा दुपारीच आले.

ते दुपारी कधी येत नाहीत. अम्मी तांदूळ निवडत होती, मी जमिनीवर पुस्तक उघडून बसलो होतो. अब्बांनी बूट काढले नाहीत. हात धुतले नाहीत. दारातच उभे राहिले. अम्मीने आधी फ्रिजकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे.

“यादी लागली,” अब्बा म्हणाले. “नाव आहे.”

अम्मी उठली तेव्हा मांडीवरचं ताट उलटलं आणि तांदूळ सगळीकडे गेले. तिने ते पाहिले नाहीत. खुर्ची ओढली, डबा खाली घेतला, दातांनी पट्टी तोडली. तीन महिने जिच्यावरून रोज फडकं फिरवलं ती पट्टी. ती मी बदललेली होती. अब्बांनी हात वर केला. “थांब, ऐक,” असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि अम्मीने वरची सुरळी त्यांच्या तोंडात घातली.

ती मोडल्याचा आवाज मला तिथवर ऐकू आला.

“बघा!” अम्मी म्हणाली. “तीन महिने झाले. तीन महिने! आणि कालच केल्यासारखी कडक. मी सांगत होते ना? काही होणार असलं की वस्तूसुद्धा थांबते.” तिने दुसरी उचलली आणि माझ्या तोंडाशी धरली. एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. मी तोंड उघडलं. तिने तिसरी स्वतः खाल्ली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “रडत नाहीये,” ती म्हणाली, “तीळ अडकला.” मग माझ्याकडे वळून, “जा, शेजारीण घरी आली असली तर बोलाव. सांग, सिस्टर म्हणते सोनं खूप कडक आहे. आज खरंच सांग.”

मी उठलो नाही. अब्बा चावत होते. त्यांनी हात वर धरलेला होता तो तसाच होता. सुरळी कोरडी असते, पटकन गिळली जात नाही. ते चावत राहिले, अम्मी हसत राहिली, आणि त्यांचे डोळे माझ्यावर होते. मला वाटतं, मला तेव्हाच कळलं. काही वाटलं मात्र नाही. मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो. गोदामातली पांढरी धूळ होती त्यांच्यावर, आणि एका बुटाखाली तांदळाचे दाणे.

मी तांब्या पुढे केला. अब्बांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि उरलेली बातमी सांगितली. नाव आहे, पण बॅचलर म्हणून, म्हणजे एकटा माणूस म्हणून. घरभत्ता बंद, फॅमिली बंद. त्यांना गोदामामागच्या कामगारांच्या कॅम्पात कॉट मिळेल. फ्लॅट महिनाअखेर सोडायचा आहे, आणि अम्मीचं आणि माझं परतीचं तिकीट कंपनी देणार आहे.